आयरिश पूर्वजांचा माग कसा काढावा

रहस्यकथांचं वेड मला शाळेपासून. थोरल्याने डब्लिनला घर केलं, आयरिश मुलीशी लग्न केलं आणि सुनेच्या बाळंतपणासाठी मी तिकडे तीन महिने राहिले, तेव्हा ते वेड कामी आलं. विहीणबाई क्लेअर परगण्यातल्या. एके दिवशी त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबांच्याही मागचं आम्हाला काही ठाऊक नाही." बाळ झोपलं की मी डबा उघडून बसायची. तेव्हा जे शिकले, ते त्याच क्रमाने सांगते.

सुरुवात आडनावापासून करू नका. मर्फी, केली, वॉल्श म्हणजे आपल्याकडचे पाटील-जाधव; शोधायला गेलात तर जत्राच भेटेल. आधी हवं असतं 'टाउनलँड'चं नाव. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा. जमिनीचा हा तिकडचा सगळ्यात लहान तुकडा, आणि असे साठ हजारांच्या वर आहेत. हे नाव घरातच सापडतं: थडग्यावरच्या दगडावर, जुन्या पाकिटावरच्या पत्त्यात, नाहीतर मयताच्या आठवणीसाठी छापलेल्या छोट्या कार्डावर. आम्हाला ते अशाच एका कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं मिळालं. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी गाठा. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

वाडी कळली की जनगणना उघडायची. आधी १९११, मग १९०१, म्हणजे अलीकडून पलीकडे. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मूळ अर्जांच्या छायाचित्रांसकट. घरात कोण कोण, धर्म, धंदा, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलतात का, सगळं त्यात असतं. दुसऱ्या एका तक्त्यात घराच्या भिंती, छप्पर आणि दर्शनी बाजूच्या खिडक्यांची संख्यासुद्धा. १९११ मध्ये लग्न झालेल्या बायकांना आणखी एक प्रश्न होता: मुलं किती झाली आणि हयात किती? विहीणबाईंच्या पणजीच्या नावापुढे नऊ आणि सहा हे आकडे होते. त्या दिवशी पुढचं काही शोधलं नाही.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. आमचे एक म्हातारबा १९०१ ला ५८ वर्षांचे आणि १९११ ला थेट ७३! मधल्या काळात, जानेवारी १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं होतं. तेव्हा दहा वर्षांत अख्खा देशच जरा जास्त म्हातारा झाला. वय हलतं, वाडी सहसा हलत नाही. दोन्हींत भांडण लागलं तर वाडीची बाजू घ्या.

एखादा मुलगा १९०१ मध्ये घरात दिसतच नसेल तर तो अमेरिकेला गेला असेल, किंवा ब्रिटिश फौजेत. फौजेतले पुष्कळ आयरिश आपल्याकडे खडकी, देवळाली, कुलाब्याच्या छावण्यांत राहून गेले. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन ३' या मालिकेत आहेत.

पुढची पायरी सरकारी जन्म-मृत्यू नोंदीची. सगळ्यांची नोंद १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू 'आयरिश जिनिऑलॉजी' या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. आडनाव 'ओ' किंवा 'मॅक' लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे शोधा. लोकांनी ते मध्येच टाकलं आणि पुढे पुन्हा लावलं.

इथे मी अडखळले. १८६६ मधल्या एका मुलाचा जन्म मार्चच्या २० तारखेचा, आणि बाप्तिस्मा त्याच मार्चच्या २ तारखेचा! माणूस बदलला की काय? नाही. नोंदीची मुदत टळली की दंड पडायचा, म्हणून बाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगायचा. पाद्रीबाबांची वही जास्त खरी. या वह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुली केली. बहुतेक १८८० पर्यंतची आहेत. नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात, म्हणजे याकोबुस हा जेम्स, गुलिएल्मुस हा विल्यम. शाई फिकी, अक्षर गचाळ. चहा जवळ ठेवा.

याच्याही मागे जायचं तर अडचण मोठी. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं अभिलेखागार उडालं तेव्हा जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच नष्ट केल्या. उरते ग्रिफिथची मोजणी, १८४७ ते १८६४ ची: कोणत्या वाडीत कोणाकडे किती जमीन, कोणाच्या खंडाने. फक्त जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव, बायको-मुलं नाहीत.

आमच्या वाडीत तिथे एकाच नावाचे दोन मायकेल निघाले. पंधरा दिवस मी भलत्याच्याच मागे होते. मग दिसलं, एका मायकेलपुढे कंसात 'पॅट' लिहिलंय, म्हणजे पॅटचा मुलगा. आयरिश घरात बहुधा थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवत; अगदी आपल्यासारखंच. आमचे ते पेन्शनवाले म्हातारबा पॅट, आणि मायकेलचे थोरले. म्हणजे त्यांचे आजोबाही पॅट असणार. कंसवाला मायकेल आमचा!

मोजणीत प्रत्येक जमिनीला नकाशावरचा क्रमांक असतो, आणि तो जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून बघता येतो. रविवारी आम्ही सगळे गाडीने तिथे गेलो. एक पडकी भिंत, कुंपण, चरणाऱ्या गाई. विहीणबाईंनी भिंतीच्या खाचेतला एक खडा उचलून रुमालात बांधला आणि घरी आल्यावर बिस्किटांच्या डब्यात ठेवला.