अमेरिकी पुढारी स्वातंत्र्याच्या मागणीपर्यंत कसे आले, याचा अभ्यास कसा करावा

अमेरिकन क्रांतीवरचं उत्तर बहुतेक विद्यार्थी शेवटाकडून लिहायला घेतात. १७७६ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, म्हणजे पुढाऱ्यांच्या मनात ते पहिल्यापासूनच असणार, असं धरायचं आणि मागे करांची यादी जोडायची. यादी बरोबर असते, उत्तर चुकतं. लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौजेशी पहिली चकमक होऊन रक्त सांडल्यावरही, जुलै १७७५ मध्ये, याच मंडळींनी राजाला समेटाचा अर्ज धाडला होता. ‘इंग्रज म्हणून आमचे हक्क राखा’ इथून ‘आमचा तुमचा संबंध संपला’ इथपर्यंत ते कसे आले, हे दाखवायचं आहे.

त्यासाठी कायद्यांच्या आधी अर्ज वाचा. फुलस्केप वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या आणि पाच रकाने पाडा: लिहिल्याची तारीख, पलीकडे पोचल्याची तारीख, कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, दोष कुणाच्या माथी मारला. दुसरा रकाना गाळू नका. अटलांटिक ओलांडायला जहाजाला अनेक आठवडे लागत, त्यामुळे एका बाजूचं उत्तर निघेपर्यंत दुसरी बाजू पुढे गेलेली असे. मजकूर एका बैठकीत दोन-तीनच वाचा, नाहीतर सगळे सारखेच वाटू लागतात.

सुरुवात १७६३ पासून करा. सप्तवार्षिक युद्ध संपलं, ब्रिटनवर कर्जाचा डोंगर झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वसाहती करायला बंदी आली. ही पार्श्वभूमी दोन ओळींत उरका. पहिला कागद ऑक्टोबर १७६५ चा: मुद्रांक कायद्याविरुद्ध (म्हणजे कागदपत्रांवर आणि छापील मजकुरावर लावलेल्या कराविरुद्ध) न्यूयॉर्कला तेरा वसाहतींपैकी नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांचे ठराव. सुरुवातच राजनिष्ठेने होते. पुढे ते म्हणतात की कॉमन्स सभेत, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात, आम्हाला प्रतिनिधित्व नाही, आणि अंतर पाहता असूही शकत नाही. इथे पेन्सिलने खूण करा. ‘त्यांना पार्लमेंटात जागा हव्या होत्या’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास येतं, आणि ते चूक आहे. कर लावायचा तर आमच्या इथल्या विधिमंडळांनी लावावा, हे त्यांचं म्हणणं होतं.

मार्च १७६६ मध्ये मुद्रांक कायदा रद्द झाला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा झाला: वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधणारे कायदे करण्याचा पार्लमेंटला अधिकार आहे. पैसा सोडला, तत्त्व धरून ठेवलं. चहाचंही तेच. १७६७ चे टाउनशेंड कर (वसाहतींत येणाऱ्या काही मालावरचे) १७७० मध्ये उठवले, फक्त चहावरचा पौंडामागे तीन पेन्स कर तेवढा मुद्दाम ठेवला. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता. तेव्हा ‘चहा महागला म्हणून बोस्टनमध्ये ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या’ असं लिहू नका. स्वस्त चहाच्या घोटाबरोबर पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्कही गिळावा लागेल, ही धास्ती होती. (कंपनी आपल्या ओळखीचीच, चहा मात्र चीनचा.)

आता चौथा आणि पाचवा रकाना वर-खाली वाचून पाहा. बोस्टन बंदर बंद करणाऱ्या १७७४ च्या कायद्यांनंतर फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची काँग्रेस भरली. जॉर्जिया आली नव्हती. या काँग्रेसचा अर्ज राजालाच आहे, आणि दोष त्याच्या मंत्र्यांना. १७७५ मध्ये लढाई जुंपल्यावरही समोरच्या फौजेला ही मंडळी ‘मंत्र्यांची फौज’ म्हणत. राजा चांगला, कारभारी वाईट, हे गाऱ्हाणं आपल्याला नवं नाही.

हा समज राजानेच मोडला. समेटाच्या अर्जावर ८ जुलै १७७५ ला सह्या झाल्या. राजाने तो स्वीकारला नाहीच, वर २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. ही बातमी फिलाडेल्फियाला नोव्हेंबरात पोचली. डिसेंबरच्या कायद्याने वसाहतींची जहाजं शत्रूची समजून पकडण्याची मुभा दिली. तो कळायला फेब्रुवारी उजाडला. दरम्यान १० जानेवारी १७७६ ला थॉमस पेनची पुस्तिका निघाली आणि तिने थेट राजेशाहीवरच घाव घातला. पोचल्याच्या तारखांचा रकाना इथे कामी येतो: या तिन्ही गोष्टी चार महिन्यांत एकावर एक आदळल्या. (सन लक्षात राहायला आपली खूण: राघोबादादांचा सुरतेचा तह मार्च १७७५ चा, लेक्सिंग्टन १९ एप्रिल १७७५ चं.)

मग ४ जुलैचा जाहीरनामा काढा आणि त्यात ‘पार्लमेंट’ हा शब्द शोधा. सापडणार नाही. तक्रारींमागून तक्रारी ‘त्याने’ अशा सुरू होतात, आणि हा ‘तो’ म्हणजे राजा. वसाहतींचे पुढारी तोवर या निष्कर्षाला आले होते की पार्लमेंटचा आपल्यावर अधिकार कधी नव्हताच, धागा होता तो फक्त राजाशी. म्हणून तोडायचाही तोच. चौथ्या रकान्यात आता राजा नाही. मजकूर साऱ्या जगाला उद्देशून आहे.

उत्तरात एखादा माणूस उभा करायचा असेल तर बेंजामिन फ्रँकलिन घ्या. १७६५ मध्ये लंडनला असताना त्याने मुद्रांक विकण्याच्या नेमणुकीसाठी आपल्या मित्राचं नाव सुचवलं होतं, म्हणजे कायदा पचेल असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी तो रद्द व्हावा म्हणून कॉमन्समध्ये साक्ष दिली. २९ जानेवारी १७७४ ला प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, त्याची भर सभेत निर्भर्त्सना झाली. तो उभा राहून गप्प ऐकत होता. लगेच टपाल खात्यातली जागा गेली. मे १७७५ मध्ये मायदेशी परतला, आणि जून १७७६ मध्ये जाहीरनाम्याच्या पाच जणांच्या समितीत होता. मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर, तो राजाच्याच बाजूने राहिला.

एक अडचण शेवटी येते: सगळे एकदम बदलले असं चित्र उभं राहतं. ते टाळायला स्वातंत्र्याच्या ठरावावरचं काँग्रेसमधलं १ जुलै १७७६ चं मतदान लिहा. नऊ वसाहती बाजूने, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरोधात, डेलावेअरची मतं फुटलेली, न्यूयॉर्क तटस्थ. दुसऱ्या दिवशी बारा विरुद्ध शून्य, कारण साउथ कॅरोलायना वळली, डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी येऊन पोचला, आणि पेनसिल्व्हेनियाचे विरोधातले दोघे प्रतिनिधी मतदानाला आलेच नाहीत. त्यातला एक जॉन डिकिन्सन, ज्याने वर्षापूर्वी समेटाचा अर्ज लिहिला होता.