गल्ल्यातलं नाणं खरंच चुकीचं छापलंय का?

सुट्ट्या पैशांत काळं पडलेलं नाणं दिसलं की ते दुर्मिळ वाटतं. बहुतेकदा तो नुसता घाम नाहीतर आंबट पदार्थाचा परिणाम असतो.

१. भिंगातून पाहा. ओरखड्याच्या कडेला धातू वर ढकललेला दिसला, तर ती नंतरची इजा.

२. कड अर्धचंद्रासारखी कापलेली असेल, तर बरोबर समोरची कड तपासा. तीही पुसट असेल तर चूक बहुधा टांकसाळीतली.

३. सिंहमुद्रा सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागची बाजू उलटी किंवा तिरकी आली, तर ठसा फिरलेला. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते. कितीही झिजलं तरी असं होत नाही.

चिंचेने घासू मात्र नका, किंमत जाते.