बांगड्याच्या प्रथिनांचे नमुने: जेलसाठी तयारी आणि पुनर्वापर

गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे बांगड्याच्या स्नायूंतील प्रथिनांवर काम करणाऱ्याला मे महिन्यात तयार केलेले नमुनेच पुढे पुरवून वापरावे लागतात. एसडीएस-पेजसाठी (एसडीएस या अपमार्जकाने प्रथिने उलगडून ती जेलमध्ये विजेच्या साहाय्याने आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत) गरम केलेला नमुना नीट गोठवला तर तितके दिवस सहज टिकतो. बिघडतो तो बहुधा वितळवतानाच्या घाईमुळे.

पणजीच्या बाजारातून मासा बर्फातच आणावा आणि पाठीकडचा पांढरा स्नायू साधारण 100 मिलिग्रॅम घेऊन 1 मिलिलिटर थंड बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बर्फावरच घोटावा. मायोसिन हे स्नायूतील मुख्य प्रथिन विरघळवण्यासाठी 0.6 मोलर पोटॅशियम क्लोराइड वापरण्याची जुनी रीत आहे, परंतु पोटॅशियम आणि एसडीएस एकत्र आले की न विरघळणारा पांढरा साका बसतो. म्हणून येथे सोडियम क्लोराइडच घ्यावे. प्रथिनाचे प्रमाण ब्रॅडफर्ड या रंग वापरून मोजण्याच्या पद्धतीने आत्ताच मोजावे, कारण एसडीएस मिसळल्यावर ते आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

यानंतर घोटलेल्या अर्काइतक्याच आकारमानाचा, दुप्पट तीव्रतेचा लेम्ली बफर (नमुना जेलसाठी तयार करणारे द्रावण) मिसळावा. त्यात 125 मिलिमोलर ट्रिस (पीएच 6.8), 4 टक्के एसडीएस, 20 टक्के ग्लिसरॉल, 200 मिलिमोलर डीटीटी (प्रथिनांतील गंधकाचे बंध तोडणारे रसायन) आणि रंगापुरते ब्रोमोफिनॉल ब्लू असते. बफर घातल्यावर नळी टेबलावर ठेवून चहाला जाऊ नये: एसडीएसने इतर प्रथिने उलगडतात, पण काही प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) तग धरून त्यांचे तुकडे पाडत राहतात. लगेच 95 अंश सेल्सिअसला 5 मिनिटे गरम करावे. झाकणाच्या आतल्या बाजूला साचलेले थेंब सेंट्रिफ्यूज फिरवून खाली आणावेत, अन्यथा नमुना नकळत घट्ट होतो. मग त्याच लेम्ली बफरच्या एकपट तीव्रतेच्या द्रावणाने तो दर मिलिलिटरला 2 मिलिग्रॅम इतका पातळ करावा, म्हणजे 10 मायक्रोलिटरमध्ये 20 मायक्रोग्रॅम प्रथिन येते आणि मिठाचे प्रमाणही उतरते. मीठ जास्त राहिल्यास जेलवरचे पट्टे वाकडे होतात.

एका जेलला पुरतील असे छोटे भाग करून ते उणे 20 अंशांवर ठेवावेत. तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवण्यापेक्षा दहा नळ्यांवर नावे लिहिण्याचा कंटाळा परवडतो.

पुनर्वापराच्या दिवशी नळी बाहेर काढली की तळाशी पांढरे स्फटिक दिसतात. ते थंडीने गोठलेले एसडीएस असते. एकदा मी ते न विरघळवता वरचाच द्रव जेलवर चढवला आणि पाचही रांगांत 42 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूभाराचे एकक) ॲक्टिन या स्नायू-प्रथिनाच्या जागी नुसता धुरकट ओघळ मिळाला. म्हणून नळी आधी 37 अंशांवर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत ठेवावी, साठवणीत डीटीटीचे ऑक्सिडीकरण झालेले असते म्हणून ते थोडे ताजे घालावे आणि मग 95 अंशांना दोन-तीन मिनिटे तापवावे. फार वेळ उकळू नये, कारण ॲस्पार्टिक आम्ल आणि प्रोलिन यांमधला बंध उष्णतेने तुटू शकतो. शेवटी एकदा जोरात फिरवून वरचा द्रव भरावा.

पुनर्वापर केलेल्या नमुन्याशेजारी पहिल्याच दिवशीच्या जेलचे छायाचित्र ठेवून पाहावे. मायोसिनची सुमारे 200 किलोडाल्टनची जड साखळी फिकटली असेल आणि तिच्याखाली नवे पट्टे उमटले असतील, तर ती नळी टाकून द्यावी. सुमारे 12 किलोडाल्टनचे पार्व्हाल्ब्युमिन हे छोटे स्नायू-प्रथिन पाहायचे असेल, तर जेल 15 टक्के ॲक्रिलमाइडचे घ्यावे.