रोटॅक्स ९१२ अडखळायला लागलं, तर आधी काय तपासायचं

व्हॅन्स आरव्ही-१२, झेनिथ सीएच ७५० अशा स्वतः बांधायच्या विमानांवर हमखास दिसणारं इंजिन म्हणजे रोटॅक्स ९१२ यूएलएस: १०० अश्वशक्ती, चार सिलिंडर, दोन बिंग कार्ब्युरेटर. इंजिनाचा गाभा भक्कम आहे. त्रास होतो तो बहुतेक वेळा इंधन, कार्ब्युरेटर, रबरी नळ्या आणि वायरिंगमध्ये, आणि यातलं बरंचसं काम मालकाच्याच हातचं असतं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी बिघाड कुठल्या बाजूचा आहे ते जमिनीवरच ठरवा. ‘वर गेल्यावर सुटेल’ म्हणून उडायला निघू नका.

चाकांना ठोकळे लावल्याशिवाय इंजिनाजवळ जायचं नाही. यात इग्निशनची (ठिणगी देणारी) दोन स्वतंत्र सर्किटं आहेत, ए आणि बी, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. इग्निशन बंद होतं ते त्याची वायर ग्राउंड झाल्यामुळे, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडली गेल्यामुळे. ती तुटली, तर स्विच बंद करूनही इग्निशन चालूच राहतं. हाताने फिरवताना ठिणगी पडण्याइतका वेग सहसा येत नाही, पण त्या भरवशावर प्रॉपेलरच्या कक्षेत उभं राहू नका. दुसरं, कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगा थ्रॉटल उघडायच्या दिशेने ओढतात. केबल तुटली किंवा निसटली, तर इंजिन थेट पूर्ण ताकदीने पळतं. म्हणून सुरू करण्याआधी थ्रॉटल मिटलेलं असताना दोन्ही कार्ब्युरेटरचे लिव्हर मिटायच्या बाजूच्या खुंटीला टेकलेत का, हे डोळ्यांनी पाहा.

ऑइल मोजण्यातही बरेच जण चुकतात. ऑइलची टाकी वेगळी असते आणि बंद असलेल्या इंजिनात थोडं ऑइल खाली साचून राहतं. इग्निशन बंद ठेवून प्रॉपेलर नेहमीच्या दिशेनेच सावकाश फिरवा, टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. मग डिपस्टिक पाहा. दोन खुणांमध्ये ०.४५ लिटरचा फरक असतो. न फिरवता पाहिलं, तर पातळी कमी दिसते, माणूस वरून ऑइल ओततो आणि ते जादा ऑइल व्हेंटमधून (हवा जाण्याच्या नळीतून) बाहेर पडतं. उलटं फिरवलं, तर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागांत) हवा शिरू शकते.

सुरूच होत नाही

चोक ओढलाय पण थ्रॉटल जरासं उघडं आहे, हे सगळ्यात नेहमीचं कारण. हा चोक थ्रॉटल पूर्ण मिटलेलं असतानाच काम करतो. दुसरं कारण मरगळलेली बॅटरी: क्रँकशाफ्ट मिनिटाला २२० फेऱ्यांच्या खाली फिरत असेल, तर इग्निशन ठिणगीच देत नाही. स्टार्टर एका वेळी १० सेकंदच दाबा, मग २ मिनिटं थंड होऊ द्या. सुरू झाल्यावर १० सेकंदांत ऑइलचा दाब वर आला नाही, तर लगेच बंद करा.

सुरू होतं, पण अडखळतं

२००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) दोन मिनिटं, मग ऑइल ५० अंशांवर येईपर्यंत २५०० वर चालवा. त्यानंतर ४००० वर नेऊन एकेक इग्निशन सर्किट बंद करून आरपीएम किती घटतात ते पाहा. एका सर्किटवर ३०० पेक्षा जास्त घट नको आणि दोन्हींच्या घटीत ११५ पेक्षा जास्त फरक नको. एक स्विच बंद करूनही घट शून्यच असेल, तर खूश होऊ नका: ती ग्राउंडची वायर तुटल्याची खूण आहे.

एकाच सर्किटवर धडधड असेल, तर दोष इग्निशनचा. सर्किट ए कडे सिलिंडर १ आणि २ चे वरचे प्लग व ३ आणि ४ चे खालचे. बी कडे उरलेले. त्याच सर्किटवर थोडा वेळ चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्टचे चारही पाइप मोजा. जो थंड, त्याचा प्लग आणि कॅप पाहा. सैल बसलेली कॅप अनेकदा सापडते.

दोन्ही सर्किटवर सारखीच धडधड असेल, तर इग्निशन सोडा, कार्ब्युरेटरकडे वळा. उजवा कार्ब्युरेटर १ आणि ३ ला, डावा २ आणि ४ ला पेट्रोल देतो. एका बाजूचे प्लग काजळी धरलेले आणि दुसऱ्या बाजूचे स्वच्छ दिसले, तर काळ्या बाजूच्या कार्ब्युरेटरच्या वाटीतले फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे) तपासा. हे फ्लोट पेट्रोल शोषून जड होतात, वाटीतली पातळी चढते आणि पेट्रोल व्हेंटमधून ओघळतं. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून कार्ब्युरेटरखालचा ड्रिप ट्रे (ओघळ झेलणारी ताटली) काढून टाकू नका. वाटीची तार बाजूला करून दोन्ही फ्लोट काढा, पुसा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकत्र ठेवा. जोडीचं वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं, तर जोडी बदला. वाळवून पुन्हा घालणं हा उपाय नाही. वाटीच्या तळाशी रबराचे काळे कण असतील, तर ते नवी नळी फिटिंगवर चढवताना आतून सोललेले असतात. नळी फिटिंगवर चढवली की ती इंजिनाला जोडण्याआधी आतून पेट्रोलने धुऊन काढा.

प्लग सगळे सारखे आहेत, पण कमी आरपीएमवर थरथर आहे, तर दोन कार्ब्युरेटर एकसारखे उघडत नाहीत. आधी केबल जुळवा, मग दोन व्हॅक्यूम गेज लावून समतोल साधा. हे काम टाळलं, तर गिअरबॉक्स झिजतो.

पेट्रोल

यूएलएसला किमान ९५ ऑक्टेन लागतं आणि इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. भारतात पंपावर मिळणारं साधं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, ते यात घालू नका. तपासणी सोपी आहे: मापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि १०० मिली पेट्रोल घाला, हलवा, निवळू द्या. खालचा थर १० मिलीच्या वर चढला, तर इथेनॉल आहे. अ‍ॅव्हगॅस (विमानांचं शिसंयुक्त पेट्रोल) चालतं, पण मुख्यतः तेच वापरत असाल, तर ऑइल १०० ऐवजी ५० तासांनी बदला, कारण शिसं साचतं.

इंधनाचा दाब ०.१५ ते ०.४ बार हवा. उन्हात तापलेलं इंजिन पुन्हा सुरू केल्यावर तो खाली पडत असेल, तर नळीत वाफ होतेय: जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी आणि तिचा जेट (बारीक छिद्राचा तुकडा) तुंबलाय का पाहा, एक्झॉस्टजवळच्या नळीवर अग्निरोधक आवरण चढवा.

टाकी व नळ्या स्वतः जोडलेल्या असतील, तर पहिल्या उड्डाणाआधी प्रवाह मोजलाच पाहिजे. विमानाचं नाक सर्वाधिक चढाच्या कोनात उचला, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरकडची नळी सोडून फक्त इलेक्ट्रिक पंप चालवा. पंप असलेल्या रचनेत खपाच्या १२५ टक्के आणि नुसत्या उतारावर वाहणाऱ्या रचनेत १५० टक्के प्रवाह हवा. टेकऑफच्या वेळी हे इंजिन तासाला सुमारे २७ लिटर पितं, म्हणजे पंपाने १० मिनिटांत किमान ५.६ लिटर यायला हवं. हे मोकळ्या जागेत, विमान अर्थिंग करून आणि अग्निशामक हाताशी ठेवून करा.

ऑइलचा दाब

३५०० आरपीएमच्या वर २ ते ५ बार हवा. लाइट किंवा रेडिओ लावताच काटा नाचत असेल, तर सेन्सरचं ग्राउंड कच्चं असण्याची शक्यता मोठी. तरीही यांत्रिक गेज लावून खात्री होईपर्यंत दाब खरंच कमी आहे असंच धरा. एक दोष फसवा आहे: पंप ऑइल टाकीतून खेचतो, त्यामुळे त्या बाजूचा क्लॅम्प सैल असला, तर ऑइल बाहेर न गळता हवा आत शिरते. खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं इथे म्हणता येत नाही. ऑइलची कुठलीही नळी उघडली असेल, तर हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे सॉकेट आणि इंधन पंप दर ५ वर्षांनी बदलायचे, विमान उडालेलं असो वा नसो. नव्या नळ्या लावल्या की विमान दोरांनी जखडून पूर्ण थ्रॉटलवर चालवा, मग इंजिन बंद करून काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडून प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून पाहा. पूर्ण थ्रॉटलवर तुमच्या प्रॉपेलरला मिळणारे आरपीएम लॉगबुकात लिहून ठेवा. धावपट्टीवर तो आकडा आला नाही, तर थ्रॉटल लगेच मागे घ्या आणि थांबा.