पंचआउटमध्ये कार्ट रिकामी होत होती, ती अशी सुधारली

पंचआउट म्हणजे कंपनीच्या खरेदी-प्रणालीतूनच विक्रेत्याचं ऑनलाइन स्टोअर उघडून वस्तू निवडायच्या आणि भरलेली कार्ट ऑर्डरसाठी त्या प्रणालीत परत न्यायची. एका कॉर्पोरेट ग्राहकाच्या खरेदी-प्रणालीतून आमचं स्टोअर उघडायचं, लॉगिनही व्हायचं, पण वस्तू निवडून पुढच्या पानावर गेलं की कार्ट रिकामी. तीच लिंक वेगळ्या टॅबमध्ये मात्र व्यवस्थित चालायची. हा फरकच खरा धागा ठरला.

ग्राहकाची प्रणाली स्टोअर आयफ्रेममध्ये, म्हणजे स्वतःच्या पानातल्या एका चौकटीत, दाखवत होती. खरेदीदार तोच आहे हे सर्व्हरला कुकीवरून, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या ओळखचिठ्ठीवरून, कळतं. २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून सेमसाइट (कुकी दुसऱ्या साइटच्या पानातून पाठवायची का, हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाते आणि दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्ये पाठवलीच जात नाही. म्हणजे प्रत्येक क्लिकला आमचा सर्व्हर त्या खरेदीदाराला नवखा समजत होता. ही ओळख ठेवणाऱ्या सेशन कुकीला ‘सेमसाइट=नन’ (दुसऱ्या साइटमधूनही पाठवा) आणि ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित जोडणीवर पाठवा) लावलं, कार्ट टिकली. काही ब्राउझर अशा कुकी तरीही अडवतात, म्हणून स्टोअर नव्या खिडकीत उघडण्याची सेटिंग ग्राहकाकडून करून घ्याच. माझ्या मते तोच भक्कम उपाय.

मग ग्राहकाच्या प्रणालीकडे परत गेलेली कार्ट तिथे नाकारली जाऊ लागली. ग्राहकाच्या प्रणालीने सुरुवातीच्या विनंतीत पाठवलेली बायरकुकी (त्या खरेदी-सत्राची ओळखखूण) अक्षरही न बदलता परत पाठवावी लागते, ती आमच्याकडे कापली जात होती. डेटाबेसमधला रकाना मोठा केला. एककाच्या जागी ‘नग’ऐवजी ‘ईए’ (इंग्रजी ‘ईच’, म्हणजे प्रत्येकी एक) हा प्रमाणित कोड दिला, आणि ऑर्डर येऊ लागल्या.