फोन दुरुस्तीला टाकण्याआधी घरी काय तपासावे

माझ्या मावशीचा फोन चार्ज होईनासा झाला, तेव्हा दुकानात तिला सांगण्यात आले की चार्जिंगचा जॅक बदलावा लागेल आणि फोन दोन दिवस ठेवून जावा लागेल. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्याच फोनवर येत असल्याने ती फोन न ठेवताच घरी परतली. संध्याकाळी माझ्या फोनच्या टॉर्चच्या उजेडात तिच्या फोनच्या खालच्या बाजूचे चार्जिंगचे तोंड नीट न्याहाळले, तर आत पर्सच्या अस्तराचे राखाडी तंतू दाबून दाबून घट्ट बसले होते. केबल आत जात होती, पण तळापर्यंत टेकत नव्हती. बिघाड एवढाच होता. सगळेच बिघाड इतके साधे नसतात, हे खरे. तरीही दोष नेमका कुठे आहे हे घरी तपासून घेतले, तर निम्मी धावपळ वाचते आणि दुकानात गेल्यावर आपण काय सांगत आहोत हे आपल्यालाही ठाऊक असते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फोन चार्ज होत नसेल तर प्रथम भिंतीवरचा सॉकेट बदलून पाहावा, मग केबल आणि त्यानंतर अडॅप्टर. तिन्ही एकदम बदलले आणि फोन चार्ज होऊ लागला, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगली वस्तू फेकली जाते. तोच चार्जर घरातल्या दुसऱ्या फोनला लावून पाहणे ही उलट बाजूची खात्री. माझ्या अनुभवात सर्वांत आधी केबल जाते, तीही टोकाशी, जिथे ती रोज मुडपली जाते. नवा अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, हे पाहून घ्यावे.

केबल आणि अडॅप्टर दोन्ही ठीक निघाले तर चार्जिंगचे तोंड साफ करावे. फोन पूर्ण बंद करावा, तोंड खाली येईल असा धरावा आणि दात कोरायच्या लाकडी काडीचे टोक कडेकडेने हळूच फिरवून मळ बाहेर ओढावा. टाइप-सी फोनमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते आणि विजेचे सगळे बारीक संपर्क तिच्यावरच असतात, म्हणून काडी जिभेवर न दाबता तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून न्यावी. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन अजिबात वापरू नये, कारण धातूच्या टोकाने हे संपर्क खरवडले जातात किंवा एकमेकांना जोडले जातात. तोंडाने फुंकणेही टाळावे, कारण फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो. साफ झाल्यावर केबल ‘टक’ करून बसते आणि फोन उचलला तरी गळून पडत नाही.

पावसाळ्यात फोन भिजणे हे आपल्याकडे नित्याचेच, आणि त्या वेळी घाईत केलेला उपाय पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. भिजलेला फोन चालू आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा बटण दाबू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ओलाव्यातून वीज वाहू लागली की संपर्क गंजतात आणि सर्किट जळण्याची भीती असते. फोन बंद करून कव्हर आणि सिमचा ट्रे काढावा, कोरड्या सुती कापडाने तो पुसावा, चार्जिंगचे तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटून पाणी झटकावे आणि पंख्याच्या वाऱ्यात दिवसभर तसाच ठेवावा. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण तांदूळ आतले पाणी ओढून काढत नाही, उलट त्याची भुकटी आणि कण्या फटींत शिरतात; २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, असे स्पष्ट सांगितले. हेअर ड्रायरच्या गरम झोताने पाणी अधिक खोल ढकलले जाते आणि कडांचा गोंद सैल पडतो. ‘आयपी ६८’ (धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी) असे लिहिलेल्या फोनची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते, आणि जुन्या किंवा एकदा उघडलेल्या फोनचे ते संरक्षण तेवढेच राहिले असेल याची हमी नसते. समुद्राचे पाणी आत गेले असेल तर घरी वाट पाहत बसू नये, कारण मीठ धातूला फार लवकर खाते; फोन बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा.

बॅटरी लवकर उतरत असेल तर सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कोणते अ‍ॅप किती टक्के खाते, याची यादी मिळते. बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला, किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन रोज थोडा थोडा म्हातारा होत असतो. मात्र फोनची पाठ फुगलेली दिसली, किंवा स्क्रीन एका बाजूने उचलली गेली, तर बॅटरी आतून फुगली आहे असे समजून फोन ताबडतोब बंद करावा, चार्ज करू नये, दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न करू नये आणि सरळ सेवा केंद्रात न्यावा. अशी बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

फोन अडकत असेल किंवा गोठत असेल तर आधी तो बंद करून चालू करावा. स्क्रीन काहीच ऐकत नसेल, तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद एकत्र दाबून धरले की फोन पुन्हा सुरू होतो. वारंवार असे होत असेल तर स्टोरेज पाहावे. आपल्या घरांत ते भरते ते मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवरून येणाऱ्या शुभ सकाळच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले की सर्वांत मोठ्या फायली वर येतात. तिथूनच निवडून त्या पुसाव्यात आणि फायली आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करावी. जागा असूनही फोन अडखळत असेल तर सेफ मोड वापरून पाहावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘पॉवर ऑफ’ या पर्यायावर बोट दाबून धरले की तो येतो. त्यात आपण नंतर टाकलेली अ‍ॅप बंद राहतात, म्हणून सेफ मोडमध्ये फोन नीट चालला तर दोष अलीकडे टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा आहे.

समोरच्याला आपला आवाज जात नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ऐकावा. तो स्पष्ट असेल तर माइक बरा आहे आणि अडचण बहुधा नेटवर्कची आहे. माइकचे भोक आणि सिम काढायचे भोक सारखेच दिसते, तेव्हा पिन घालण्याआधी नीट पाहावे. रेंजसाठी विमान मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करावा, आणि तेवढ्याने न भागल्यास सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे.

फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय आहे. त्यात फोटो, नंबर, सगळे पुसले जाते, म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो का, याची खात्री करावी. तो माहीत नसेल, तर रीसेटनंतर स्वतःचाच फोन उघडता येत नाही, असे होऊ शकते. मदतीसाठी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नये. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच नंबर घ्यावा. पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला सांगू लागला तर फोन तिथेच ठेवावा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

एवढे करूनही फोन दुकानात द्यावाच लागला, तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, वहीत उतरवून ठेवावा आणि सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, ज्यात आपले फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. तो असेल तर चालू करूनच फोन द्यावा. कोणती केबल लावून पाहिली, सेफ मोडमध्ये काय झाले, हे कारागिराला सांगावे आणि सुटा भाग बदलला असेल तर काढलेला जुना भाग मागून घ्यावा.