कॅनन घेऊ का निकॉन? बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) निघायच्या आधी एवढं पाहून घ्या

दिवाळी जवळ आली की मला हाच फोन येतो. यंदा भाच्याचा आला, "मामा, पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेऊन राहिलो, कॅनन घेऊ का निकॉन?" मी म्हटलं बे आधी हे सांग, फोटो कायचे काढणार आहेस? पोट्टा गप्प. मग म्हणे सगळेच. सगळेच म्हणजे काहीच ठरलं नाही भाऊ, आणि असा माणूस दुकानात गेला की दुकानदाराकडे जो पीस पडून आहे तोच घेऊन घरी येतो.

आता पहिल्यांदा घेणाऱ्याच्या रेंजमध्ये कोणते कॅमेरे येतात ते आधी सांगून टाकतो. कॅननचे ३०००डी, १५००डी आणि २००डी (त्याचा मार्क टू पण आहे), निकॉनचे डी३५०० आणि डी५६००. निकॉनने हे दोन्ही बनवणं बंद केलंय, त्यामुळे जुना स्टॉक नाहीतर सेकंडहँड. ३०००डी सोडून सगळे २४ मेगापिक्सलचे, म्हणून मेगापिक्सलवर वाद घालूच नका. ३०००डी मध्ये १८ मेगापिक्सल, स्क्रीन बारीक, आणि लेन्स जिथे बसते ती रिंग पण प्लास्टिकची. माझं मत विचाराल तर तो घेऊच नका, त्यापेक्षा सेकंडहँड २००डी कधीही बरा.

दुकानात गेले की काचेवरून पाहू नका, दोन्ही कॅमेरे हातात मागा. उजव्या हातात धरा आणि करंगळी कुठे जाते ते पाहा. डी३५०० बॅटरीसकट ४१५ ग्रॅमचा, हलका, पण ग्रिप खोल आहे, चार बोटं नीट बसतात. २००डी इतका छोटा की माझ्यासारख्या मोठ्या हातवाल्याची करंगळी खाली लटकते. भाच्याच्या हातात मात्र तोच बरोब्बर बसला. हे कोणत्याच व्हिडिओत कळत नाही. मग डोळा व्ह्यूफाइंडरला लावून दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यावर फोकस करून पाहा, आधी मधल्या पॉइंटने (आत दिसणारा फोकसचा ठिपका), मग बाजूच्या. मधला सगळ्यांचाच चांगला, बाजूचे ढेपाळतात. १५००डी आणि २००डी ला ९ पॉइंट, डी३५०० ला ११, डी५६०० ला ३९, त्यामुळे पळणारी पोरं, क्रिकेट, उडणारे पक्षी असं काही काढायचं असेल तर डी५६०० खरंच पुढे आहे. १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, बाकीचे तिघे ५.

आता खरा मुद्दा, लेन्स. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, चार-पाच वर्षांत बदलते हो, लेन्स राहते. पहिला कॅमेरा घेतला तेव्हा मी यातच फसलो. दुकानदाराने "१८-५५ सोबत आहे ना" म्हणून डबा हातात दिला (ही सोबत मिळणारी किट लेन्स; एमएमचा आकडा छोटा तेवढं जास्त दृश्य मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणि मी पण खुशीत घेऊन आलो, घरी येऊन पाहतो तर लेन्सवर आयएस (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) लिहिलेलंच नाही. म्हणजे हात हलला की संध्याकाळचा फोटो गेला. कॅननवर आयएस आणि निकॉनवर व्हीआर ही अक्षरं लेन्सच्या रिंगवर स्वतः वाचा, डब्यावर नाही, लेन्सवर. निकॉनची एएफ-पी १८-५५ आणि ७०-३०० या दोन्ही व्हीआरसकट पण येतात आणि बिनव्हीआरच्या पण येतात, दिसायला सारख्याच.

निकॉनचा दुसरा खड्डा म्हणजे डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे कोणी स्वस्तात जुनी ५० एमएम एफ १.८डी (एफचा आकडा छोटा तेवढा उजेड जास्त) विकत असेल तर ती लागेल, फोटो पण निघेल, पण फोकस हाताने फिरवत बसा. एएफ-एस नाहीतर एएफ-पी लिहिलेलीच घ्या, त्यांची मोटर लेन्समध्येच असते. कॅननमध्ये ही भानगड नाही, ईएफ आणि ईएफ-एस सगळ्यांमध्ये मोटर लेन्समध्येच असते, म्हणून सेकंडहँड लेन्स घेणाऱ्याला कॅनन सोपा पडतो.

कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम सगळेच घ्यायला सांगतात, मी पण सांगतो, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा छोटा, कॅननवर १.६ पट, म्हणजे ५० ची लेन्स ८० सारखी दिसते. फुटाळा तलावावर मावळतीला बायकोचा फोटो काढायचा तर एक नंबर, पण घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढदिवस काढायचा तर पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये फक्त केक आणि अर्धी आत्या येते. निकॉनकडे यासाठी ३५ एमएम एफ १.८जी डीएक्स आहे, दीड पटीने ५२ च्या आसपास, घरात मस्त चालते. इथे मी निकॉनला पूर्ण मार्क देतो. कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ पाहावी, छोटीशी चपटी आहे.

आता आपल्या नागपूरच्या हिशोबाने सांगतो. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, इतवारीत उभे राहा, मागे सरकायला वीतभर जागा नसते, वरून पाऊस, "घेऊन जा गे मारबत" च्या गदारोळात पिवळी मारबत एकदम अंगावर येते. तिथे १८ एमएमचंच टोक कामाचं, आणि ते दोन्ही कंपन्यांच्या किट लेन्समध्ये आहे. तिथे कॅनन का निकॉन याने काडीचा फरक पडत नाही, रुमाल आणि प्लास्टिकची पिशवी आहे का याने पडतो. पण पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला फिरणार असाल तर किट लेन्समध्ये वाघ म्हणजे गवतात एक पिवळा ठिपका. तिथे कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम, म्हणजे साधारण ४०० चा आवाका, नाहीतर निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर, म्हणजे ४५०. थोडी निकॉन पुढे. बॅटरीत तर लयच पुढे, डी३५०० कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो, १५००डी फक्त ५००. कॅनन घेतला तर दुसरी बॅटरी त्याच बिलात धरा. आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिक्कीत सोडून तर्री पोहे खायला बसू नका, बस एवढंच.

व्हिडिओ करायचा असेल तर चर्चाच नको, २००डी. स्क्रीनवर पाहून शूट करताना त्याचा फोकस चेहऱ्यामागे गुपचूप सरकतो, १५००डी आणि निकॉनचे दोन्ही मागेपुढे हेलकावे खात शोधत बसतात. त्याचा स्क्रीन पण बाहेर वळतो आणि माइक लावायला जागा आहे. डी५६०० मध्ये या दोन सोयी आहेत, डी३५०० आणि १५००डी मध्ये एकही नाही. मोबाईलवर फोटो घ्यायचं म्हणाल तर डी३५०० मध्ये वायफाय नाही, नुसतं ब्लूटूथ, त्यातून २ मेगापिक्सलचा बारका फोटो येतो. व्हॉट्सॲपला पुरतो, प्रिंटला नाही.

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं डोक्यात असेल तर वर फ्लॅश बसवायच्या जागेत मधली गोल पिन आहे का पाहा. २००डी मार्क टू मध्ये ती पिनच नाही, म्हणून बाजारातले साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. जुन्या २००डी मध्ये आहे. नवीन मॉडेल म्हणजे चांगलंच असेल असं नसते ना बाप्पा.

सेकंडहँड घेताना लेन्स काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तिथूनच परत फिरा. मग एफ १६ वर ठेवून आभाळाचा फोटो काढा, मोठा करून पाहा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, साफ होते पण भाव पाडायला कामी येते. किती क्लिक झाले हे निकॉनच्या फोटोच्या माहितीतच निघते, कॅननमध्ये तसं निघत नाही, म्हणून कॅनन घेताना बटणं आणि ग्रिप किती घासली ते नीट पाहा. लग्नात राबलेली बॉडी लगेच ओळखू येते, शटर बटणाभोवतीचा रंगच उडालेला असतो.

भाच्याने शेवटी सेकंडहँड २००डी घेतला. मी स्वतः निकॉनवाला आहे, तरी मीच घ्यायला लावला, कारण त्याच्या चुलतभावाकडे कॅननची ५५-२५० नुसती पडून आहे आणि मागितली की मिळते. निकॉनची लेन्स कॅननवर बसत नाही, मग माझी लेन्स त्याच्या काय कामाची? तर तुमच्या घरात, दोस्तांत कोणाकडे कोणती लेन्स आहे हे दुकानात जायच्या आधी दोन फोन करून विचारून घ्या. आणि बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्ही सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानदार कितीही कंटाळला तरी.